एका भूमिकेचीं चोपन्न वर्षें

नटीचें चरित्र म्हटलें कीं वाचकांच्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें: बालपणीं दारिद्र्य, मग अकस्मात् लाभलेली कीर्ति, भरजरी वस्त्रें, दोनचार विवाह आणि उतारवयांत एकांतवास. ज्या नटीची हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहों, तिच्या आयुष्यांत असला थाट कांहींएक नव्हता; आणि म्हणूनच ती सांगावीशी वाटली. हेलन वॅग्नर हें तिचें नांव. ता. २ एप्रिल १९५६ रोजीं, भर दुपारीं, न्यूयॉर्क शहरांतील एका चित्रवाणीगृहांत उभारलेल्या लटक्या स्वयंपाकघरांत वॅग्नरबाई प्रथम उभ्या राहिल्या. नॅन्सी ह्यूझ नांवाच्या एका वकिलाच्या पत्नीची भूमिका त्यांच्याकडे होती. सकाळीं उठून आलेल्या नवऱ्याचें त्यांनीं दोन प्रेमळ शब्दांनीं स्वागत केलें, आणि त्या शब्दांनींच 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' या मालिकेचा प्रारंभ झाला. सन २०१० च्या १ मे रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, त्या वारल्या, तेव्हांही त्या नॅन्सी ह्यूझच होत्या. मध्यें दोनएक वेळां खंड पडला, त्याची हकीकत पुढें येईलच. परंतु चोपन्न वर्षें एकाच पात्राच्या कातडींत वावरलेली दुसरी नटी तोंपर्यंत चित्रवाणीच्या इतिहासांत झाली नव्हती, आणि गिनेसच्या विक्रमग्रंथानें तशी नोंदही केली होती.

'ॲज द वर्ल्ड टर्न्स' म्हणजे 'जग फिरत असतां'. ही मालिका ज्या जातीची, तिला अमेरिकेंत 'सोप ऑपेरा' म्हणतात. साबणवाल्यांचें संगीतनाटक, असा त्याचा शब्दार्थ होईल. नांव थट्टेनें पडलें, पण त्याचें मूळ खरें आहे. 'प्रॉक्टर अँड गॅम्बल' या साबण करणाऱ्या कंपनीनें १९३३ सालीं आपल्या 'ऑक्सिडॉल' नामक चूर्णाच्या जाहिरातीसाठीं 'मा पर्किन्स' नांवाची एक क्रमशः चालणारी कथा नभोवाणीवर सुरू केली. नवरा कचेरींत, मुलें शाळेंत, आणि घरांत एकटी गृहिणी. साबण विकत घेणारी तीच. तेव्हां तिच्या कानीं पडायचें तर दुपारचीच वेळ साधली पाहिजे, हा व्यापारी हिशेब होता. कंपनीनें पैसा घालावा, लेखकानें कथा लांबवावी, आणि गृहिणीनें उद्यां काय होणार या उत्कंठेनें पुन्हां यंत्र लावावें, असा हा त्रिवेणी व्यवहार.

आमच्या कांहीं सुशिक्षित बंधूंना 'मालिका' हा शब्द ऐकतांच कपाळाला आठी घालण्याची संवय आहे. त्यांना आम्ही एवढेंच विचारूं कीं, देवळांतील चातुर्मासाचें पुराण आपण विसरलांत काय? आमच्या लहानपणीं दुपारचीं उष्टींखरकटीं आटोपलीं कीं बायका वातींचा कापूस घेऊन देवळांत जमत, आणि पुराणिकबुवा काल जेथें धागा सोडला तेथूनच तो पुन्हां उचलीत. द्रौपदीची कथा ऐन रंगांत आली कीं पोथी बांधून ठेवण्याचें त्यांचें कसब आजच्या कोणाही मालिकाकाराला मान खालीं घालावयास लावील. एखादी बाई माहेरीं गेली, दोन दिवस आली नाहीं, तरी तिला कथा समजे. कारण बुवा मागचें सर्व संक्षेपानें पुन्हां सांगत. अमेरिकेंतील मालिकाकारांनींही हीच युक्ति योजिली. भांडीं घांसतां घांसतां किंवा इस्त्री फिरवितां फिरवितां ऐकणाऱ्या बाईला पडद्याकडे पाहण्याची सवड नसते, म्हणून सगळी कथा संवादांत. आणि तिचें दूध उतूं गेलें तर तेवढ्यांत निसटलेलें पुढें कळावें, म्हणून महत्त्वाची गोष्ट तीन वेळां, तीन तोंडांतून.

ही युक्ति ज्या बाईनें शास्त्राच्या पदवीला नेली, तिचें नांव अर्ना फिलिप्स. शिकागो शहरांत १९०१ सालीं तिचा जन्म झाला. आम्हां शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्यांना सांगण्यास आनंद वाटतो कीं, तीही आरंभीं शाळेंत शिकवीत असे. सन १९३० मध्यें तिनें शिकागोच्या नभोवाणीवर 'पेंटेड ड्रीम्स' ही कथामाला लिहिली; तिच्या मालकीवरून चाललेल्या कज्जांत बाईंची हार झाली, आणि तेव्हांपासून आपल्या लेखनाचा हक्क सोडावयाचा नाहीं हें ती शिकली. तिची लिहिण्याची रीतच निराळी होती. ती लिहीत नसे, बोलत असे. खोलींत येरझाऱ्या घालीत, सासूच्या सुरांत सासू व सुनेच्या सुरांत सून होऊन ती संवाद म्हणे, आणि लेखनिक तो टिपून घेई. ती अविवाहित राहिली, पण दोन मुलें दत्तक घेऊन वाढविलीं. कुटुंबसंस्थेची एवढी मोठी कथाकार स्वतः विवाहाच्या वाटेला गेली नाहीं, याचें कोणास नवल वाटेल; आम्हांस वाटत नाहीं. घराकडे बाहेरून पाहणारास घराचा सांधा अधिक स्पष्ट दिसतो.

तोंपर्यंत या मालिका रोज पंधरा मिनिटांच्या असत. अर्ध्या तासाची मालिका चालेल, हें कंपनीला पटेना. फिलिप्सबाईंनीं हट्ट धरला आणि १९५६ सालीं तो पुरा करून घेतला. अर्धा तास कशासाठीं? अधिक घटना घालण्यासाठीं नव्हे, तर घटना कमी करण्यासाठीं! पात्रांना बोलूं द्यावें, थांबूं द्यावें, चहाकॉफी घेऊं द्यावी, एकमेकांकडे नुसतें पाहूं द्यावें. जग आपल्या गतीनें फिरतें, तसें घर फिरावें. मालिकेच्या नांवांतील 'टर्न्स' या शब्दाचा अर्थ हाच.

भरतमुनींनीं नाटकाचे पांच संधि सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पेरलें जातें, अंकुरतें, झांकतें, संकटांत सांपडतें आणि अखेर फळ पदरांत पडतें. सोप ऑपेरांत निर्वहण नाहींच. फलागम झाला कीं मालिका संपली, आणि मालिका संपली कीं साबण खपत नाहीं. म्हणून एका बीजाचें फळ दृष्टिपथांत येतें न येतें तोंच दुसरें बीज पेरावयाचें. शास्त्रदृष्ट्या हा मोठाच दोष म्हणावा लागेल. परंतु आम्हांस वाटतें, एका बाबतींत ही रचना नाटकापेक्षांही जीवनाला जवळची आहे. मुलीचें लग्न झालें म्हणून कोणत्या घरांत पडदा पडतो? दुसऱ्या दिवशीं सकाळीं चूल पेटवावीच लागते. अशा निर्वहणहीन कथेंत नायक-नायिका येतात व जातात. टिकून राहावें लागतें तें चूल पेटविणाऱ्या बाईला. नॅन्सी ह्यूझ ती बाई होती.

वॅग्नरबाईंचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ रोजीं टेक्सास संस्थानांतील लबक या गांवीं झाला. इलिनॉय संस्थानांतील मॉनमथ कॉलेजांतून १९३८ सालीं त्या पदवीधर झाल्या. गळा चांगला होता. न्यूयॉर्कला आल्यावर आरंभीं गायनाचाच आधार घेतला, आणि १९४१ सालीं ब्रॉडवेवरील 'सनी रिव्हर' या संगीतिकेंत त्यांना काम मिळालें. चित्रवाणी आली तेव्हां फिलिप्सबाईंच्याच 'गायडिंग लाइट' या मालिकेंत त्यांनीं लहानशी भूमिका केली. १९५४ सालीं रॉबर्ट विली या नाट्यनिर्मात्याशीं त्यांचा विवाह झाला आणि तो पतीच्या निधनापर्यंत अखंड टिकला. वर्तमानपत्रांतील कुटाळ सदरांना या बाईंच्या खासगी आयुष्यानें कधीं चारा पुरविला नाहीं. चरित्रकाराची त्यामुळें थोडी पंचाईत होते खरी!

आजच्या वाचकांना त्या काळच्या कामाचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण आतां सर्व कांहीं आधीं चित्रित करून, कापून, जोडून दाखविलें जातें. त्या वेळीं मालिका प्रत्यक्ष त्याच क्षणीं प्रक्षेपित होई. सकाळीं लवकर यावयाचें, हातीं असलेले संवाद घोकावयाचे, कोणत्या पावलाला कोणता कॅमेरा हें ठरवून घ्यावयाचें, वेषासह एक रंगीत तालीम करावयाची. आणि दुपारीं दीड वाजतां तांबडा दिवा लागला कीं लाखों घरांत एकदम प्रवेश करावयाचा. चुकलें तर चुकलें. दुसऱ्या नटाला संवाद आठवला नाहीं तर तो आपण सांवरून घ्यावयाचा. दार अडकलें तर तेंही संभाषणांत बसवावयाचें. बाजूला ऑर्गनवाला बसलेला असे आणि भावनेचा आवेग आला कीं तो सूर धरी. नाटकवाला एकच संहिता शंभर रात्रीं करतो. या मंडळींना रोज नवें पाठांतर, एकदांच प्रयोग, आणि तोही कोठें जतन होईल याची शाश्वति नाहीं. सायंकाळीं घरीं जाऊन उद्यांचे संवाद पाठ करावयाचे. आठवड्याचे पांच दिवस, वर्षानुवर्षें. या परिश्रमाला आम्ही तप म्हणूं. कोणास तो शब्द साबणाच्या संगतींत विटाळल्यासारखा वाटला तर वाटो.

आणि इतकें करून नोकरीची हमी तेरा आठवड्यांची! या धंद्यांतील करार तेरा-तेरा आठवड्यांच्या हप्त्यांनीं चालत. हप्ता संपला कीं पात्राला परगांवीं पाठवून, आजारी पाडून वा अपघातांत मारून नटाला घरीं बसवितां येई. वॅग्नरबाईंना हा अनुभव आरंभींच आला. फिलिप्सबाईंनीं त्यांना कामावरून काढून टाकलें. कारण काय, तर कॉफी ओतण्याची त्यांची तऱ्हा बाईंना पसंत नव्हती, असें सांगितलें जातें! वाचकांना हें हास्यास्पद वाटेल. पण ज्या मालिकेंत कॉफी ओतणें हीच मुख्य घटना, तींत ती कशी ओतली जाते हा क्षुद्र प्रश्न खासच नव्हे. सासूबाईंनीं सुनेच्या पोळीच्या कडा पाहून तिच्या माहेरची परीक्षा करावी, तशांतलाच हा प्रकार. थोडक्याच अवधींत वॅग्नरबाईंना परत बोलावण्यांत आलें, आणि पुढें त्यांनीं जी कॉफी ओतली तिच्या पेल्यांची गणति कोणी केली असेल असें वाटत नाहीं.

ही नॅन्सी होती तरी कशी? इलिनॉय संस्थानांतील ओकडेल नांवाच्या कल्पित गांवीं राहणारी, नवऱ्याच्या, मुलांच्या व वृद्ध सासऱ्याच्या सेवेंत रमलेली, थोडी कर्मठ, थोडी लुडबुडी. घरांत सासरा होता ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. अमेरिकन घरें म्हणजे केवळ राजाराणीचा संसार, ही आपली समजूत या मालिकेपुरती तरी बाजूला ठेवावी लागते. स्वतःच्या आयुष्यांत नॅन्सीला फारसें कांहीं घडत नसे. घडे तें इतरांना, आणि तें तिच्या मेजाशीं बसून सांगितलें जाई. संस्कृत नाटकांत विष्कंभक म्हणून एक सोय असते. मध्यम पात्रें येऊन रंगभूमीवर न दाखविलेला वृत्तांत संक्षेपानें सांगतात व पुढील प्रसंगाची सूचना देतात. प्रेक्षक विष्कंभकाच्या वेळीं जांभई देतो, असा नाटकमंडळ्यांचा अनुभव. वॅग्नरबाईंनीं चोपन्न वर्षें विष्कंभक केला आणि तो कथेचा गाभा करून दाखविला. ऐकणें हा अभिनयाचा सर्वांत कठीण प्रकार आहे. जी नटी दुसऱ्याचें दुःख ऐकतांना स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलवीत नाहीं आणि तरीही पाहणारीला कळतें कीं हिला लागलें आहे, तिचें कसब आक्रोश करणाऱ्या नायिकेहून कमी नव्हे. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें वत्सल हा स्वतंत्र रस मानला आहे. त्याला उदाहरण हवें असतें तर येथें मिळतें.

तिची कर्मठताही कथेला उपयोगी पडे. पहिल्याच वर्षीं फिलिप्सबाईंनीं एक प्रकरण रंगविलें होतें. नॅन्सीची नणंद ईडिथ हिचें मन एका विवाहित गृहस्थावर, आपल्याच भावाच्या वकिलीच्या भागीदारावर, जडलें. फिलिप्सबाईंच्या मनांत या दोघांचें लग्न लावावयाचें होतें. साबणाच्या कंपनीला तें रुचलें नाहीं. घर मोडणारीला घर मिळालें तर घरांतल्या बायका आपला साबण घेतील काय? अखेर त्या गृहस्थाला अपघातांत मरावें लागलें. पैसा घालणाराच्या हातांत पात्रांचें जन्ममरण असतें, ही गोष्ट या धंद्यांत लपविण्याचीही कोणाला गरज वाटत नाहीं.

१९६० सालीं या घरांत लिझा नांवाची सून आली. ही भूमिका आयलीन फुल्टन या नटीनें केली. सून लबाड, नखरेल, नॅन्सीच्या मुलाला फसवून लग्न करणारी. प्रेक्षकवर्ग तिच्यावर असा कांहीं संतापला कीं, रस्त्यांत एका बाईनें आपल्याला मारल्याची हकीकत फुल्टनबाईंनींच सांगितली आहे. रूपाविषयीं त्या इतक्या दक्ष कीं, आपल्या पात्राला आजी करूं नये असें कलमच त्यांनीं आपल्या करारांत घालून घेतलें, आणि तें अमेरिकेंत 'आजीचें कलम' म्हणून प्रसिद्ध झालें. इकडे वॅग्नरबाई कसलेंही कलम न घालतां आजी झाल्या, पणजी झाल्या, केस पांढरे होऊं दिले. आम्हांला दोघींचेंही कौतुक आहे. ज्या धंद्यांत सुरकुती हा गुन्हा, तेथें एकीनें कायद्याचा आश्रय घेतला. दुसरीनें गुन्हा उघड कबूल करून त्यावरच आपली प्रतिष्ठा उभारली. परंतु घरांत नातवंडें खेळविणाऱ्या आमच्या वाचकभगिनी कोणाच्या बाजूनें कौल देतील, हें आम्हांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां त्या दुपारची गोष्ट, जिच्यामुळें हेलन वॅग्नर हें नांव मालिका न पाहणाऱ्या इतिहासकारांनाही ठाऊक झालें. ता. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. नेहमीप्रमाणें दीड वाजतां मालिका सुरू झाली. नॅन्सी आणि वृद्ध सासरा बोलत होते. सासऱ्याचें काम सँटोस ऑर्टेगा हा नट करीत असे. विषय अगदीं घरगुती: मुलानें आपल्या घटस्फोटित बायकोला, म्हणजे त्याच लिझाला, लहानग्या नातवासह सणाच्या जेवणाला बोलाविलें आहे. बोलवावें कीं बोलवूं नये? झालेलें गेलेलें पोटांत घालावें कीं मनांत ठेवावें? नॅन्सी सांगूं लागली कीं तिनें यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि तिचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच चित्र नाहींसें झालें. पडद्यावर केवळ अक्षरांची एक पाटी आली आणि वॉल्टर क्रॉंकाइट या वृत्तनिवेदकाचा आवाज ऐकूं आला: डल्लास शहरीं अध्यक्ष केनेडी यांच्या मोटारींवर गोळ्या झाडण्यांत आल्या आहेत. आवाज होता, मुद्रा नव्हती. कारण त्या काळचे कॅमेरे तापून तयार होण्यास वेळ लागे, आणि वृत्तकक्षांतला कॅमेरा तयार नव्हता.

चित्रवाणीगृहांत मात्र यांतलें कांहींएक पोंचलें नव्हतें. नॅन्सी आणि सासरा बोलतच राहिले. मालिका प्रत्यक्ष चाललेली. नटांना थांबवील कोण? मध्यें एकदां प्रक्षेपण पुन्हां मालिकेकडे वळलें, पुन्हां तुटलें. देशाचा अध्यक्ष मरणाच्या दारीं आहे, घरोघर बायका हातांतलें काम टाकून यंत्रासमोर खिळल्या आहेत, आणि एका झगझगीत खोलींत दोन माणसें, कोणी पाहत नसतांना, सणाला सुनेला बोलवावें कीं नाहीं याचा मनापासून विचार करीत आहेत! प्रयोग संपल्यावरच त्यांना वार्ता समजली. पुढें चार दिवस अमेरिकेंतील सर्व मोठ्या वाहिन्यांनीं आपले नित्याचे कार्यक्रम बंद ठेवले. या प्रसंगाचें चित्रण आज उपलब्ध आहे. आमच्या मतें वॅग्नरबाईंच्या कलेचा याहून कडक पुरावा नाहीं. त्या तुटलेल्या वाक्यांतला नॅन्सीचा स्वर नाटकी मुळींच नाहीं. आपल्या शेजारच्या ओटीवर चाललेलें बोलणें कानीं पडावें तसा तो वाटतो, आणि म्हणूनच त्यावर पडलेला घाव इतका भयंकर भासतो.

मालिकेला पहिल्या वर्षीं फारसे प्रेक्षक नव्हते. पण १९५८ पासून १९७८ पर्यंत, तब्बल वीस वर्षें, अमेरिकेच्या दुपारच्या मालिकांत तिनें पहिला क्रमांक सोडला नाहीं. भरभराटीच्या काळांत रोजचे प्रेक्षक सुमारें एक कोटि होते. नॅन्सीची मुलगी पेनी हिचा तरुण पति १९६२ सालीं कथेंत मोटार-अपघातांत मेला, तेव्हां देशभर हळहळ झाली. १ डिसेंबर १९७५ पासून अर्ध्या तासाचा एक तास झाला आणि त्याच सुमारास प्रत्यक्ष प्रक्षेपण बंद पडलें. आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' १९८४ च्या जुलैंत सुरू झालें, म्हणजे नॅन्सीच्या स्वयंपाकघराला अठ्ठावीस वर्षें झाल्यावर. आणि मराठींत 'आभाळमाया' १९९९ सालीं. कुटुंब हाच नायक ही कल्पना आपणांस परकी कधींच नव्हती. परकी होती ती निर्वहणावांचून कथा चालविण्याची रीत, आणि ती आपण फार लवकर शिकलों.

मध्यंतरीं फिलिप्सबाईंचें काय झालें, तेंही सांगावयास हवें. प्रेक्षकसंख्या घटूं लागली तेव्हां १९७३ सालीं कंपनीनें त्यांना त्यांच्याच मालिकेवरून दूर केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या वारल्या. कॉफीच्या पेल्यावरून जिला त्यांनीं घरीं बसविलें होतें, ती त्यांच्यामागें आणखी छत्तीस वर्षें त्यांच्या स्वयंपाकघरांत राहिली. यांत काव्यगत न्याय शोधण्याचा मोह आम्ही टाळतों. घर जिनें बांधलें तिलाच उंबऱ्याबाहेर काढलें गेलें, हें कोणत्याही न्यायांत बसत नाहीं.

१९८० च्या सुमारास वॅग्नरबाईंवरही तीच वेळ आली, फक्त निराळ्या तऱ्हेनें. दुसऱ्या वाहिन्यांवर तरुण नायक-नायिका, गुप्त हेर, धाडस व प्रणय यांचें पीक आलें, आणि वृद्ध मंडळींना कथेंत जागा उरेना. काढून टाकलें नाहीं. परंतु महिन्यांतून एखादे वेळीं दारांत उभें करून पाहुण्यांना 'या, बसा' म्हणावयास लावलें. संयुक्त कुटुंबांतील वृद्धांना ही अवस्था समजावून सांगावयास नको. घरांतली खुर्ची कायम असते, फक्त तिच्याकडे तोंड करून कोणी बोलत नाहीं. वॅग्नरबाईंनीं मुकाट्यानें खुर्ची धरून ठेवली नाहीं. काम नसेल तर नांवापुरतें राहण्यांत अर्थ नाहीं, म्हणून त्या मालिका सोडून गेल्या. कांहीं वर्षांनीं चालकांना जाग आली, आजी-आजोबांवांचून घर हें घर वाटेना, आणि त्या परतल्या. आपण असतों तर निघून जाण्याचें धैर्य झालें असतें काय, असा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

परतल्यावरचें त्यांचें काम हेंच, आमच्या मतें, त्यांच्या आयुष्यांतलें उत्तम काम. १९८६ सालीं त्यांच्या पतीची भूमिका तीस वर्षें करणारा नट डॉन मॅक्लॉफ्लिन मरण पावला. कथेंतही नॅन्सीला वैधव्य आलें. शोक खरा होता, त्यासाठीं ऑर्गनच्या सुरांची जरूर नव्हती. पुढें लेखकांनीं एक धाडस केलें. वृद्ध नॅन्सीचा एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याशीं पुनर्विवाह लावला, आणि मग त्या दुसऱ्या पतीला स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमरचा, विकार जडला. दुपारच्या मालिकेंत प्रणयत्रिकोण हवा, तेथें आतां एक म्हातारी बाई नवऱ्याला त्याचें स्वतःचें नांव आठवून देत बसली. ज्या घरांत असा रुग्ण आहे त्यांना ठाऊक असतें कीं या दुखण्यांत रडण्याचा मोठा प्रसंग येतच नाहीं. रोज थोडें थोडें माणूस निसटतें, आणि सांभाळणारीनें रोज तेंच उत्तर त्याच शांतपणें द्यावें लागतें. रोजच्या मालिकेवांचून दुसऱ्या कोणत्या कलाप्रकाराला हें दुखणें त्याच्या खऱ्या गतीनें दाखवितां आलें असतें? दोन तासांच्या चित्रपटाला तें शक्य नाहीं. जी संथ गति टीकाकारांच्या उपहासाचा विषय झाली होती, तीच येथें कामीं आली. आणि तें सादर करण्यास जी नटी लागली तिनें पस्तीस-चाळीस वर्षें ऐकण्याचाच अभ्यास केला होता.

२००४ सालीं दुपारच्या कार्यक्रमांसाठीं दिला जाणारा एमी सन्मान, आयुष्यभराच्या कामगिरीबद्दल, इतर कांहीं ज्येष्ठ नटनटींसह त्यांना देण्यांत आला. त्यांत फुल्टनबाईही होत्या, आणि नॅन्सीच्या मुलाचें काम १९६० पासून करणारा डॉन हेस्टिंग्ज हाही होता. आई, मुलगा आणि त्याची टाकलेली बायको, असें सगळें कुटुंबच एका व्यासपीठावर!

तोंवर प्रेक्षक मात्र पांगले होते. ज्या गृहिणीसाठीं हा खटाटोप, ती दुपारीं घरांत नव्हती. ती कचेरींत होती. 'गायडिंग लाइट' ही मालिका, नभोवाणीपासूनचा काळ धरून, ७२ वर्षांनीं २००९ च्या सप्टेंबरांत बंद झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'ही बंद करण्याचें सी. बी. एस. वाहिनीनें जाहीर केलें. १ मे २०१० ला वॅग्नरबाई गेल्या. ऑगस्टअखेर कथेंतही नॅन्सीला मृत्यु आला आणि ह्यूझ कुटुंबानें तिचा शोक केला. १७ सप्टेंबर २०१० रोजीं १३,८५८ वा भाग प्रक्षेपित होऊन मालिका संपली. शेवटचा शब्द नॅन्सीच्या मुलाच्या, आतां वृद्ध झालेल्या डॉक्टर बॉबच्या, तोंडीं होता; मेजावरचा पृथ्वीचा गोल तेवढा मागें राहिला. १९३३ पासून चालत आलेला प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचा हा मालिकांचा व्यवहारही त्याच दिवशीं आटोपला, कारण ही तिची अखेरची मालिका होती. दीर्घकाळ एकच भूमिका करण्याचा विक्रम त्यानंतर इंग्लंडांतील 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेंत १९६० पासून काम करणाऱ्या विल्यम रोश यांच्या नांवें लागला. अमेरिकेंत त्या रिकाम्या झालेल्या दुपारीं, ऑक्टोबर महिन्यापासून, कांहीं बायका एका मेजाभोंवतीं बसून गप्पा मारतात असा कार्यक्रम सुरू करण्यांत आला.